थांबण्याचा रकाना

"मॅडम, आत्ता घेऊ की थांबू?"

हा प्रश्न पूर्वी घराबद्दल यायचा, नोकरी बदलण्याबद्दल यायचा. गेली काही वर्षं तो लॅपटॉपबद्दलही येतो. वाचणाऱ्याला हसू येईल, मलाही सुरुवातीला यायचं. पण एका यंत्राच्या खरेदीपायी महिनोन्‌महिने झोप गमावलेली इतकी माणसं समुपदेशनासाठी माझ्यासमोर बसून गेली आहेत की आता हसू येत नाही. त्यातल्या एकाबद्दल लिहिते. ओळख पटेल असे तपशील बदलले आहेत आणि आठ भेटींमधलं बोलणं तीन-चार प्रसंगांत आवळलं आहे.

तो व्हिडिओ संकलनाची कामं घेणारा, नुकतीच तिशी ओलांडलेला. आला होता 'चिडचिड फार वाढलीय' म्हणून. लॅपटॉपचा विषय दुसऱ्या भेटीत निघाला आणि मग दुसरा विषयच निघेना. जुना लॅपटॉप २०१६ चा. त्यावर विंडोज ११ अधिकृतपणे चढत नाही आणि विंडोज १० ला कंपनीकडून मिळणारी नेहमीची सुरक्षा अपडेट्स १४ ऑक्टोबर २०२५ ला थांबली. बदलायला हवा, याबद्दल त्याच्याही मनात शंका नव्हती. त्याने तक्ता करून आणला होता. तेवीस लॅपटॉप, सतरा रकाने. प्रोसेसर, रॅम, स्क्रीन, वजन, इतकंच काय, पंख्याचा आवाजसुद्धा. शेवटचा रकाना होता 'पुढचं मॉडेल कधी?' आणि तिथे प्रत्येक ओळीत काही ना काही लिहिलेलं होतं. जानेवारीच्या प्रदर्शनात नव्या चिपची घोषणा होणार, ती चिप असलेली यंत्रं हातात यायला काही महिने जाणार, तोवर तिच्या पुढच्या चिपच्या बातम्या सुरू होणार. त्या रकान्यामुळे एकही ओळ पक्की होत नव्हती.

थांबणं कसं शहाणपणाचं असतं हे पटवायला त्याने मला एक जुनी गोष्ट सांगितली. ऑस्बर्न नावाची कंपनी. १९८१ मध्ये उचलून नेता येईल असा संगणक तिने बाजारात आणला, तो धडाधड खपला. मग पुढची, जास्त चांगली मॉडेलं येताहेत हे कंपनी आधीच बोलून बसली. गिऱ्हाईक थांबलं आणि १९८३ च्या सप्टेंबरमध्ये कंपनी दिवाळखोरीत गेली. (कारणं आणखीही होती असं जाणकार म्हणतात, पण प्रसिद्ध झाली ती हीच गोष्ट.)

"कंपनीचं काय झालं ते कळलं," मी म्हटलं. "जे थांबले, त्यांचं काय झालं?"

"म्हणजे?"

"त्यांची कामं होती ना काहीतरी? ती त्या महिन्यांत कशी झाली?"

तो गोंधळला. "ते कोणी लिहिलेलं नाही मॅडम."

"तुमच्या तक्त्यातही ते नाही. सतरा रकाने आहेत, थांबण्याचा एकही नाही."

पुढच्या भेटीला तो अठरावा रकाना भरून आला. चार महिन्यांत नाकारलेली कामं, तीन. रात्री रेंडर (संकलित व्हिडिओची अंतिम फाइल तयार करणं) लावून सकाळी मशीन अडकलेलं सापडलं, नऊ वेळा. त्याखाली 'बायकोवर ओरडलो' असं लिहून पुढची जागा कोरी सोडलेली.

"इथे आकडा नाही?"

"मोजायची हिंमत झाली नाही."

मला वाटलं, झालं काम. हिशेब समोर आला, आता माणूस उठेल आणि लॅपटॉप घेईल. पुढच्या आठवड्यात तो आला तेव्हा तक्त्यात तेवीसचे सव्वीस लॅपटॉप झाले होते. नुसत्या हिशेबाने माणूस हलत नाही हे इतक्या वर्षांनंतर तरी मला आधीच कळायला हवं होतं.

मग मी तक्ता बाजूला ठेवायला सांगितला. "समजा, आज घेतलात. पुढच्या महिन्यात त्याच पैशांत त्याहून चांगला आला. तुमच्या लॅपटॉपचं काय होईल? तो हळू चालायला लागेल?"

"नाही. तो आहे तसाच राहील."

"मग बिघडेल काय?"

बराच वेळ तो काही बोलला नाही. मीही बोलले नाही. आमच्या कामात तोंड मिटून बसणं हे सगळ्यात उशिरा जमतं. शेवटी तो म्हणाला, "सगळे म्हणतील, घाई केलीस."

"सगळे म्हणजे कोण?"

सगळे म्हणजे एकच होते, मेहुणे. आत्ताचा जुना लॅपटॉप याने वडिलांच्या पैशांतून घेतला होता. तीन आठवड्यांत त्याच किमतीत त्याच्यापेक्षा सरस मॉडेल आलं. घरची मंडळी जेवायला बसलेली असताना मेहुणे हसत म्हणाले, "फसवलं बघ तुला. जरा विचारायचं होतंस." वडील काहीच बोलले नाहीत. ते न बोलणं त्याला जास्त लागलं. सांगताना त्याचे कान लाल झाले होते, जणू ताट अजून पुढ्यातच होतं.

"तो फसलेला लॅपटॉप पुढे किती वर्षं चालला?" मी विचारलं.

"अजून चालतोय की."

"त्यावर काय काय केलंत?"

तो बोटांवर मोजायला लागला. पहिलं पैसे मिळालेलं काम. मग एक माहितीपट. बहिणीच्या, म्हणजे त्याच मेहुण्यांच्या, लग्नाच्या दहाव्या वाढदिवसाची चित्रफीत. घर चालवणारी सगळी मिळकत. मोजता मोजता बोटं थांबली.

"मॅडम, तीन आठवड्यांसाठी मी नऊ वर्षं मूर्ख ठरलो होतो."

मी काही जोडलं नाही. प्रामाणिकपणे सांगायचं तर त्या क्षणी मला स्वतःचंच थोडं कौतुक वाटलं. लॅपटॉपवर बोलत बसण्याऐवजी मी जेवणाच्या ताटापर्यंत पोचले होते.

मी अल्बर्ट एलिस या अमेरिकी मानसशास्त्रज्ञाच्या विचारांवर वाढलेली समुपदेशक. इच्छा वेगळी आणि हट्ट वेगळा, हे त्यांनी आयुष्यभर सांगितलं. मराठीत या दोहोंत एका अक्षराचं अंतर आहे. 'चांगला मिळावा' ही इच्छा. 'चांगलाच मिळाला पाहिजे' म्हटलं की हट्ट सुरू, आणि पाठोपाठ 'नाही मिळाला तर मी बावळट'. लॅपटॉपच्या बाबतीत तो 'च' फारच महागात पडतो, कारण इथे 'सर्वांत चांगला' ही जागा दर काही महिन्यांनी बदलते. हर्बर्ट सायमन यांना १९७८ मध्ये अर्थशास्त्राचं नोबेल मिळालं. माणूस सगळे पर्याय तपासून निवडत नाही, पुरेसा बरा सापडला की थांबतो, असं त्यांनी १९५० च्या दशकात मांडलं होतं. त्यासाठी त्यांना इंग्रजीत दोन शब्द सांधून 'सॅटिस्फाइस' हा जोडशब्द वापरावा लागला. आपल्याकडे 'चालेल' आहे. हे मी कार्यशाळांत सांगते तेव्हा लोक हसतात आणि मग वहीत उतरवून घेतात.

थांबणं नेहमीच चूक असतं असं मात्र नाही. ॲपलने जून २०२० मध्ये जाहीर केलं की संगणकांत यापुढे स्वतःच्या चिप वापरणार, आणि तशी पहिली यंत्रं त्याच नोव्हेंबरमध्ये आली. ज्याचं जुनं मशीन तेवढे पाच महिने तग धरणारं होतं, त्याने थांबण्यात शहाणपणाच होता. तिथे घोषणा कंपनीची होती आणि बदल मुळातला होता. 'म्हणे, पुढच्या वर्षी काहीतरी भारी येतंय' या बातमीवर थांबणं वेगळं. मी आता येणाऱ्याला सरळ विचारते: ज्याची वाट बघताय त्याची तारीख बनवणाऱ्याने सांगितली आहे का, आणि त्या सुधारणेने तुमचं नेमकं कोणतं काम बदलेल? दुसऱ्या प्रश्नाला बहुतेक जण अडखळतात.

'आत्ता साधा घेऊ, पुढे वाढवू' हा तिसरा मार्गही बऱ्याच जणांच्या डोक्यात असतो. याबाबतचं माझं ज्ञान सगळं त्याच्याकडून आलेलं. आजच्या कितीतरी सडपातळ लॅपटॉपमध्ये रॅम मदरबोर्डवरच सोल्डर केलेली असते, ती मागाहून वाढत नाही. प्रोसेसर तर जवळजवळ कुठल्याच लॅपटॉपमध्ये बदलता येत नाही. एसएसडी, म्हणजे फाइली साठवणारा भाग, मात्र पुष्कळ वेळा बदलता येते. म्हणून रॅम आधीच पुरेशी घ्यावी आणि काटकसर साठवणुकीत करावी. पण तक्ता उघडण्याआधी आपलं काम काय ते कागदावर लिहावं. त्याने लिहिलं तेव्हा सव्वीसातले एकवीस आपोआप गळले. उरलेल्या पाचांत कुठलाही चालला असता, हे तोच म्हणाला.

खरेदीची तारीख त्यानेच ठरवली. मी एकच अट घातली होती: परत करायची मुदत असेपर्यंत मशीन कामाला जुंपून नीट तपासायचं आणि मुदत संपली की महिनाभर एकही परीक्षण बघायचं नाही. ती त्याने पंधरा दिवसांत मोडली. नवीन मॉडेल खरंच आलं होतं, याच्यापेक्षा हलकं. "दोन दिवस झोंबलं," त्याने शेवटच्या भेटीत सांगितलं. "मग एक काम आलं, त्यात विसरलो."

"आणि जुना? विकलात?"

"नाही. घरीच ठेवलाय. त्याच्यावर गाणी ऐकतो."

मेहुण्यांना नवा लॅपटॉप दाखवला का, हे विचारायचं माझ्याकडून राहून गेलं.