ग्रुप सरकला की पसरला?

या वेळी रायफलवाल्यांचीच पत्रं जास्त आलीत, म्हणून बाकीचे विषय बाजूला ठेवून सगळी जागा त्यांनाच देतोय.

प्रश्न: नमस्कार सर. माझ्याकडे .२२ ची बोल्ट अ‍ॅक्शन रायफल आहे, लाकडी स्टॉक, वर स्कोप. ५० मीटरवर पाच गोळ्या अंगठ्याच्या नखाएवढ्या जागेत जायच्या. आता त्याच पाच गोळ्या तळहातभर पसरतात. स्कोपचे क्लिक फिरवून बघितले, नळी ब्रशने घासून चकाचक केली, गोळ्या पण दुसऱ्या आणल्या, तरी तेच, उलट जरा वाढलंच. एक मित्र म्हणतो नळी गेली. खरंच बदलावी लागेल का?

उत्तर: नळी बहुतेक गेलेली नाही. .२२ ची गोळी मऊ शिशाची असते आणि दाबही कमी असतो, त्यामुळे ही नळी झिजायला हजारो गोळ्या मारायला लागतात. मोठ्या बोअरच्या रायफलींचं वेगळं असतं, तिथे गरम गॅसने चेंबरच्या पुढचा भाग खरंच जळत जातो. त्यामुळे नळीचा विचार सगळ्यात शेवटी करा.

आता तुम्ही जे केलंय ते जवळपास सगळेच करतात, एकदम तीन गोष्टी बदलल्या. आता यातलं कशामुळे काय झालं ते देवालाही सांगता येणार नाही. आणि क्लिक तर फिरवायलाच नको होते, क्लिकने ग्रुप, म्हणजे कागदावरच्या छिद्रांचा पुंजका, उचलून इकडून तिकडे नेता येतो, तो लहान होत नाही. म्हणजे ग्रुप पहिल्याइतकाच छोटा आहे पण डावीकडे किंवा खाली गेलाय, तर तो सरकला, तिथे क्लिक चालतात. तुमचा पसरलाय. पसरलेला ग्रुप म्हणजे काहीतरी हलतंय, घासतंय, नाहीतर दर गोळीला बदलतंय.

आधी चेंबर रिकामं आहे का ते डोळ्याने बघा, बोल्ट काढून बाजूला ठेवा आणि स्टॉकला अ‍ॅक्शन (बोल्ट आणि चेंबरवाला धातूचा भाग) धरून ठेवणारे खालचे दोन स्क्रू तपासा. अर्ध्या केसेस इथेच संपतात असा माझा अनुभव आहे. लाकडी स्टॉकमध्ये तर नक्की बघा, कारण हवा दमट झाली की लाकूड फुगतं, कोरडी झाली की आकसतं आणि स्क्रू आपोआप सैल पडतात. कंपनीने जेवढा टॉर्क दिलाय तेवढाच द्या, अंदाजाने पिळू नका. एक छान टेस्ट आहे: रायफल उभी धरा, स्टॉकचं पुढचं टोक आणि नळी यांच्या फटीवर एक बोट ठेवा आणि दुसऱ्या हाताने एक स्क्रू ढिला करा, परत आवळा. नळी बोटाखाली सरकताना जाणवली तर अ‍ॅक्शन स्टॉकमध्ये नीट बसलेली नाही, म्हणजे बेडिंगचं काम आहे आणि ते गनस्मिथकडूनच करून घ्या. नळी फ्री फ्लोट, म्हणजे स्टॉकला कुठेही न टेकणारी, असेल तर एक कागद तिच्याखालून टोकापासून मागे ओढत न्या, जिथे अडकेल तिथे लाकूड टेकतंय.

मग स्कोप. रिंग आणि बेसचे स्क्रू बघायचे, ते झालं की रिंग आणि स्कोपच्या नळकांड्यावर मिळून पेनाने एक बारीक रेघ मारून ठेवा, पुढच्या वेळी रेघ तुटलेली दिसली तर स्कोप घसरतोय. रायफल रेस्टवर (टेकूवर) स्थिर ठेवून, हात न लावता, डोकं थोडं वरखाली करा. क्रॉसहेअर टार्गेटवर फिरताना दिसली तर तो पॅरॅलॅक्स, गाल रोज एकाच जागी टेकला नाही तर त्याने ग्रुप मोठा होतो. स्कोप आतून बिघडला असेल तर बाहेरून काही कळत नाही. चांगला चालणारा दुसरा स्कोप लावून बघणे हा एकच खात्रीचा उपाय, आणि तो करायचा सोडून लोक महिनोन्महिने विचार करत बसतात.

नळी घासल्यावर जे वाढलं ते मला स्वाभाविक वाटतं. .२२ च्या गोळीवर मेण किंवा ग्रीससारखं वंगण असतं, त्याचा पातळ थर नळीत बसला की रायफल स्थिरावते. तुम्ही तो थर काढलात, मग सुरुवातीच्या दहा-वीस गोळ्या भटकणारच, आणि गोळ्यांचा प्रकार बदलला की वंगणही बदललं म्हणून परत तेवढंच थांबा. आणि रॉड पुढून घातला होता का? नळीचं तोंड हा सगळ्यात नाजूक भाग, गोळी तिथून सुटते, तिथे एका बाजूला बारीकशी खोच पडली तरी गॅस एकीकडून आधी निसटतो आणि गोळीला धक्का देतो. भिंग घेऊन कडा गोल आणि एकसारखी आहे का बघा. साफ करायचंच तर चेंबरच्या लगेच पुढे जो कार्बनचा कडक कडा जमतो तिकडे लक्ष द्या, नुसत्या पॅचने (कापडाच्या तुकड्याने) तो निघत नाही.

गोळ्यांचं म्हणाल तर जुन्या चांगल्या ग्रुपवाल्या डब्यावरचा लॉट नंबर शोधा. नाव तेच, लॉट वेगळा, आणि ग्रुप दुप्पट, हे .२२ मध्ये अगदी नेहमीचं. हाय व्हेलॉसिटी गोळ्या आणल्या असतील तर त्या आवाजाच्या वेगापेक्षा जोरात निघतात आणि वाटेत त्याखाली येतात, तिथे डगमगतात. टार्गेटसाठी मुळातच सबसॉनिक, म्हणजे आवाजापेक्षा हळू जाणाऱ्या, घ्या.

एवढं झालं की वारा नसताना रेस्टवरून दहा गोळ्यांचा ग्रुप मारा, तीन गोळ्यांवर काहीच ठरवू नका, तो निव्वळ योगायोग असतो. वाळूची पिशवी स्टॉकखाली हवी, नळीखाली नको. आणि कागद नीट वाचा. उभा लांबट ग्रुप असेल तर गोळ्यांचा वेग कमीजास्त होतोय, कदाचित फायरिंग पिन नीट मारत नाहीये. आडवा असेल तर वारा किंवा तुमचं ट्रिगरचं बोट. दोन वेगळे छोटे ग्रुप दिसले तर काहीतरी दोन जागांमध्ये उड्या मारतंय, बहुधा स्कोप किंवा अ‍ॅक्शन. नळी तापत जाईल तसा ग्रुप एकाच दिशेला चालत गेला तर नळी कुठेतरी टेकतेय. शेवटी तीच रायफल दुसऱ्या चांगल्या नेमबाजाला द्या. त्याचाही पसरला तर रायफल, नाही पसरला तर मग बोलू.

प्रश्न: मी १० मीटर एअर रायफल मारते, सिलिंडरवाली. सुरुवातीला सगळं मस्त, पण शेवटच्या सिरीजमध्ये शॉट खाली जायला लागतात, ९ च्या आसपास. कोच म्हणतात दमतेस. मला नाही वाटत.

उत्तर: कोचचं बरोबर असू शकतं, पण आधी हवा बघूया. अशा रायफलचा पेलेट (छर्रा) साधारण १७० मीटर प्रति सेकंदाने जातो. साधा हिशोब केला तर १७२ च्या वेगाला १० मीटरवर तो साडेसोळा मिलिमीटर पडतो आणि वेग १६० वर आला की एकोणीसच्या वर. फरक अडीच मिलिमीटर. तुमच्या टार्गेटवर एक रिंग म्हणजे नेमकं अडीच मिलिमीटर! त्यामुळे वेग थोडा घसरला की १० चा ९ होतो, तुम्ही काहीही चुकलेलं नसताना.

सिलिंडर साधारण २०० बारला भरतात, आत रेग्युलेटर तो दाब कमी करून दर शॉटला सारखा देतो, पण सिलिंडरचा दाब रेग्युलेटरच्या सेटिंगखाली गेला की मग त्याच्या हातात काही उरत नाही. पुढच्या सरावात शॉट खाली जायला लागले की लगेच दुसरा भरलेला सिलिंडर लावा. परत १० लागले तर दमण्याचा प्रश्नच मिटला. नाही लागले तर कोचचं ऐका. मधेमधे, सुरुवातीपासूनच एखादा शॉट खाली पडत असेल तर ब्रीचची (पेलेट भरायच्या जागेची) ओ-रिंग चिरलीय का बघा आणि पेलेटचे स्कर्ट, म्हणजे मागची पातळ कड, तपासा, डबा एकदा खाली पडला की बरेच वाकडे होतात. सिलिंडरवर तारीख असते, मुदत संपलेला वापरू नका, तिथे प्रश्न नेमबाजीचा नाही, सुरक्षेचा आहे.

प्रश्न: स्प्रिंगची एअर रायफल आहे, नळी मोडून लोड करायची. रेस्टवर ठेवून मारली तर जास्त खराब लागते, हातात धरून बरी. असं उलटं कसं?

उत्तर: उलटं नाही, स्प्रिंगवाल्या रायफलचा स्वभावच तसा. पिस्टन सुटला की रायफल आधी मागे, मग तो पुढे आदळला की पुढे असा झटका देते, आणि पेलेट नळीतून निघायच्या आत हे बरंचसं सुरू झालेलं असतं. कडक टेकू दिला की ती उसळते, आणि टेकू जरा बदलला की वेगळी उसळते. म्हणून पुढचा हात उघडा ठेवा, त्यावर रायफल नुसती ठेवा, घट्ट पकडू नका, आणि हात रोज एकाच जागी. याच झटक्यांनी स्टॉकचे स्क्रू आणि नळीच्या बिजागरीचा स्क्रू सुटतात, ते दर वेळी बघा. स्कोपही एअर रायफलसाठी बनवलेलाच हवा, पुढे-मागे दोन्ही झटके साध्या स्कोपला झेपत नाहीत. आणि नळीत किंवा पिस्टनच्या सिलिंडरमध्ये साधं तेल सोडत असाल तर आजच बंद करा, दाबाने ते पेटतं, धूर येतो आणि प्रत्येक पेलेटचा वेग वेगळा होतो.