अभ्यासाच्या ताणात रात्री पोट भरलं तरी खात सुटतो. माझ्यात इच्छाशक्तीच नाही का?

तुझ्या प्रश्नात लिहिलंय ते थोडक्यात असं: पुण्यात नव्या पेठेत कॉट बेसिसवर, म्हणजे सामायिक खोलीत एका खाटेचं भाडं देऊन राहतोस, स्पर्धा परीक्षेतल्या मुख्य परीक्षेची तयारी चालू आहे, जेवलं की झोप येते म्हणून दुपारचा डबा टाळतोस आणि रात्री साडेअकराला अभ्यासिकेतून आलास की फरसाण, बिस्किटं, वडापाव, हाताला लागेल ते संपवतोस. मग स्वतःचाच राग येतो आणि दुसऱ्या दिवशी शिक्षा म्हणून दुपारी पुन्हा उपाशी.

सदाशिव पेठेत आमची मेस आहे, सासूबाईंनी सुरू केलेली. मी मानसशास्त्रात एम.ए. केलं, काही वर्षं शिकवलं, आता मेस सांभाळते. मेसवरची मुलं मला काकू म्हणतात आणि मी त्यांना अरे-तुरे करते. तसंच तुझ्याशी बोलतेय, राग मानू नकोस.

तुझ्यात इच्छाशक्ती कमी नाही. तुला भूक लागलेली असते. दिवसभर साठलेली भूक, महिनोन्‌महिन्यांचा ताण आणि अपुरी झोप, तिन्ही एकदम रात्री साडेअकराला तुझ्यासमोर उभी राहतात.

ताण आणि भूक यांचं नातं मला पुस्तकाआधी परत आलेल्या डब्यांत दिसलं. निकाल लागतो त्या दिवशी डबे भरलेलेच परत येतात. झाकण काढलं की आमटीवर साय धरलेली, पोळ्यांची घडीही मोडलेली नसते. पास झालेल्यांचेही आणि राहिलेल्यांचेही. तीच मुलं परीक्षेआधीच्या दोन महिन्यांत मात्र चौथी-पाचवी पोळी मागतात, वर काहीतरी गोड आहे का विचारतात. ताण एकच, मग उलटसुलट का?

कारण अचानक आलेला ताण आणि रेंगाळलेला ताण शरीरात वेगवेगळं काम करतात. वॉल्टर कॅनन या शरीरशास्त्रज्ञाने शंभर वर्षांपूर्वीच दाखवलं होतं की धक्का बसला की शरीर लढायच्या नाहीतर पळायच्या तयारीला लागतं. रक्त स्नायूंकडे वळतं, पचन मंदावतं, भूक मरते. पण ताण आठवडेच्या आठवडे राहिला की कॉर्टिसॉल हे संप्रेरक चढं राहतं आणि बऱ्याच जणांची भूक वाढते, तीही गोड आणि तेलकटाची. असं खाल्लं की थोडा वेळ खरंच हलकं वाटतं. मेंदू ते लक्षात ठेवतो आणि पुढच्या वेळी जीव कासावीस झाला की तिकडेच ओढतो. म्हणून साडेअकराला फरसाणच आठवतं.

आता इच्छाशक्तीबद्दल. दुसरं महायुद्ध संपत आलेलं असताना, १९४४-४५ मध्ये, अमेरिकेत मिनेसोटा विद्यापीठात अँसेल कीज यांनी ३६ तरुणांवर एक प्रयोग केला. ही मुलं तत्त्व म्हणून युद्धात लढायला नकार दिलेली, स्वतःहून पुढे आलेली, शरीराने आणि मनाने धडधाकट म्हणून निवडलेली. अख्ख्या देशाच्या विरोधात उभं राहायची ज्यांची तयारी होती त्यांना लेचेपेचे कसं म्हणायचं? त्यांना २४ आठवडे नेहमीच्या साधारण निम्मं अन्न दिलं. हळूहळू त्यांच्या डोक्यात अन्नाशिवाय काही उरेना. पाककृतींची पुस्तकं जमवायला लागली, ताटल्या चाटायला लागली, चिडचिडी आणि उदास झाली, लक्ष लागेना. आणि तुझ्या प्रश्नाशी जोडलेला भाग पुढे आहे. बंधन उठल्यावर त्यांतले काही जण पोट तट्ट फुगलं तरी खात राहिले, कारण पोट भरलं तरी भूक भागल्यासारखं वाटत नव्हतं. तुझी उपासमार तेवढी नाही, पण यंत्र तेच आहे.

त्यात तू रात्री एकदा फरसाणाची पुडी फोडलीस की मनात येतं, आता बिघडलंच आहे तर होऊन जाऊ दे. एकादशी चुकून मोडली की आपण दिवसभर सगळंच खातो, तसं. खाण्यावर कडक पहारा ठेवणाऱ्यांमध्ये हे जास्त होतं. १९७५ च्या एका प्रयोगात असा पहारा ठेवणाऱ्यांनी आधी मिल्कशेक प्यायल्यावर आइस्क्रीम कमी नाही, उलट जास्त खाल्लं. म्हणजे शिक्षा म्हणून धरलेला दुपारचा उपासच रात्रीची तयारी करून ठेवतो.

झोपेचंही सांगते. शिकागोत १२ निरोगी तरुणांना दोन रात्री फक्त ४ तास झोपू दिलं, तर भूक वाढवणारं घ्रेलिन २८ टक्क्यांनी वाढलं आणि पोट भरल्याची खबर देणारं लेप्टिन १८ टक्क्यांनी घटलं. शिवाय घ्रेलिन सवयीच्या जेवणवेळेआधी चढतं. तू रोज साडेअकराला खातोस, तर शरीर त्याच वेळेला घंटा वाजवणार.

आमच्याकडच्या एका मुलाचं असंच होतं. महिन्यात पंधरा-सोळा खाडे, आणि आमच्याकडे खाड्याचे पैसे कापून मिळतात म्हणून त्याला ते बरंही वाटायचं. मी त्याला रात्रीचं खाणं बंद कर असं सांगितलंच नाही. फक्त पंधरा दिवस एकही खाडा धरायचा नाही, एवढंच ठरवलं. दुपारी एकच्या आत दोन पोळ्या, उसळ, भात निम्मा. दुपारची पेंग न जेवताही थोडी येतेच, पोटभर भाताने ती वाढते. मग वीस मिनिटं डुलकी. संध्याकाळी सहाला शेंगदाणे-गूळ किंवा केळं. पहिला आठवडा काही फरक नाही, तो वैतागला. दुसऱ्या आठवड्यात म्हणाला, काकू, फरसाणाची पुडी चार दिवस पुरली.

एक मात्र गांभीर्याने घे. खाताना हात थांबवताच येत नसेल, लपून खावंसं वाटत असेल, नंतर उलटी काढत असशील किंवा जगणंच नको वाटत असेल, तर हे मेसवाल्या काकूचं काम नाही. मानसोपचारतज्ज्ञाकडे जा. टेली मानस या सरकारी मानसिक आरोग्य हेल्पलाइनच्या १४४१६ वर फोन केलास तर मराठीत बोलता येतं आणि पैसे लागत नाहीत.

आणि रविवारी संध्याकाळी बहुतेक मेस बंद असतात. आमची मुलं सांगतात, सगळ्यात जास्त खाणं त्याच रात्री होतं. दुपारी जेवायला जाशील तेव्हा दोन पोळ्या आणि सुकी भाजी बांधून माग. नाही म्हणत नाही कोणी.