वहीतून फाडलेलं पान

पत्र : मुलगा बारावीला पीसीएमबी घेऊन पास झाला. लातूरला राहून मेडिकलची ‘नीट’ परीक्षा दोनदा दिली. दुसऱ्या वेळी मार्क उलट कमी पडले. तिसऱ्यांदा पाठवायचं आमचं ठरलंय, पण त्याचं डोकं गाड्यांत. बायोलॉजीच्या वहीत इंजिनं काढतो. एक पान सोबत जोडलंय. व्ही-सिक्ससारखी मोठी इंजिनं जाऊन आता कारलाही आमच्या ट्रॅक्टरसारखे तीन सिलिंडर आणि वर टर्बो. म्हणजे हा धंदा उतरणीलाच लागला ना? त्याला समजावून सांगा.
— एक पालक, ता. केज, जि. बीड

नमस्कार.

समजावतो, पण त्याला नाही. पत्रात पोराचं म्हणणं एका ओळीतही नाही. आहे ती तक्रार, आणि पुरावा म्हणून वहीतून फाडलेलं पान. मार्कांपेक्षा मला त्या फाडण्याचीच काळजी वाटली. दोनदा परीक्षा देऊन मार्क घसरले, तर तिसऱ्यांदा रूम आणि मेसचे पैसे भरून ते वर येतील असं कशावरून? ‘आमचं ठरलंय’ यात तो होता का?

आता ते पान. मी ते दोनदा वाचलं. व्ही-सिक्स, म्हणजे व्ही आकारात तीन-तीन सिलिंडरच्या दोन रांगा, आणि एका ओळीतलं सहा सिलिंडर शेजारी काढून त्यानं भाग मोजलेत. व्हीला हेड (सिलिंडरवरचं झाकण) दोन, कॅमशाफ्ट (झडपा उघडणारे दांडे) चार, एक्झॉस्ट मॅनिफोल्ड (धूर गोळा करणारे पाइप) दोन. ओळीतल्याला हेड एक, कॅमशाफ्ट दोन. बरोबर आहे, खर्च तिथंच वाचतो. टर्बो म्हणजे इंजिनात जादा हवा कोंबणारा पंखा, तो फिरतो धुराच्या जोरावर. ओळीच्या इंजिनात सगळा धूर एकाच बाजूनं निघतो आणि आखूड वाटेनं टर्बोत शिरतो. पुढचा धूर स्वच्छ करणारा कॅटॅलिटिक कन्व्हर्टरही लवकर तापतो, आणि तापल्यावरच तो काम करतो. व्हीत धूर बहुधा दोन बाजूंना फुटतो. मग टर्बो दोन बसवा, नाहीतर पाइप फिरवून आणा.

सिलिंडर कमी म्हणजे माल हलका, हा तुमचा गैरसमज मात्र काढायला हवा. मर्सिडीजनं १९९०च्या दशकात ओळीतलं सहा सिलिंडर सोडून व्ही-सिक्स घेतलं, कारण ते आखूड असतं. २०१७ साली एस-क्लासमध्ये तीच कंपनी टर्बो लावून परत ओळीवर आली. बीएमडब्ल्यू साधारण ५०० सीसीचा एकच सिलिंडर धरून तीन, चार आणि सहाची इंजिनं करते. कितीतरी भाग सारखे. आपल्याकडं चार मीटरच्या आतली कार आणि १२०० सीसीपर्यंतचं पेट्रोल इंजिन असेल तर कर कमी, म्हणून तीन सिलिंडर. आणि नांगरट करताना तुमचा ट्रॅक्टर कुठं हलका पडतो?

उलट टर्बोनं काम वाढवलंय. त्याचा दांडा मिनिटाला लाखाच्या वर फेरे घेतो, तोही तेलाच्या पातळ थरावर. घाट चढून लगेच इंजिन बंद केलं की तेल थांबतं, तापलेल्या बेअरिंगमध्ये जळून त्याचा कोळसा होतो. तेल येण्याची नळी न तपासता नवा टर्बो बसवणाऱ्या मेकॅनिककडं तीच गाडी जळका टर्बो घेऊन परत येते. कारण शोधणारा माणूस लागतो. नुसता पाना फिरवणारा नाही.

पुढचं थोडक्यात. गणित सोडलेलं नाही, हे फार बरं झालं. इंजिनिअरिंग प्रवेशाच्या सीईटीचा पीसीएम गट : गणित १०० मार्क, फिजिक्स-केमिस्ट्री ५०-५०, निगेटिव्ह नाही. मेकॅनिकलसाठी संभाजीनगरचं शासकीय अभियांत्रिकी, नांदेडचं एसजीजीएस कॉलेज. जमलं नाही तर पॉलिटेक्निकला थेट दुसऱ्या वर्षात. इलेक्ट्रिक गाड्या येतायत, ते मी झाकणार नाही. म्हणून मेकॅनिकलबरोबर त्यानं मल्टिमीटर आणि सेन्सरचं कामही शिकावं. वाळूज-शेंद्र्याच्या कारखान्यांत ज्याला दोन्ही येतं, त्याला आधी विचारतात.

पानावर एक चूक आहे. तीन सिलिंडर म्हणजे सहाचं अर्धं, म्हणून तेवढंच शांत, असं त्यानं लिहिलंय. तसं नाही. ओळीतले सहा म्हणजे आरशात पाहावेत तसे समोरासमोर ठेवलेले दोन तिनाचे संच. एक संच जसा पुढं-मागं डुलतो, त्याच्या बरोबर उलटा दुसरा, म्हणून डोलणं फिटतं. अर्धं कापलं की ते डोलणं उरतं. काही तीन सिलिंडरच्या इंजिनांत त्यासाठी बॅलन्सर शाफ्ट, म्हणजे डोलणं मारणारा वजनदार दांडा, घालतात.

पान परत पाठवतोय, चुकीपाशी पेन्सिलीची खूण आहे. ते त्याच्याच हातात द्या, ट्रॅक्टर चालू करून रेस न देता ठेवा, आणि दोघंही बॉनेटवर हात ठेवून बघा.