भजनासाठी स्पीकर कोणता घ्यावा?

प्रश्न : भाऊ, आम्ही पंधरा-वीस जणी रोज सायंकाळी देवळाच्या ओट्यावर सामुदायिक प्रार्थना अन् भजन करतो. वर्गणीतून स्पीकर घ्यायचा आहे. लाइनचा काही नेम नाही. दुकानदार '5000 वॅट'वाला गळ्यात मारतोय. घ्यावा का?
– एक वाचक भगिनी, ता. दर्यापूर

उत्तर : नका घेऊ, ताई. असला आकडा पीएमपीओचा, म्हणजे क्षणभराच्या कमाल ताकदीचा असतो, निव्वळ कागदी वाघ. खोक्यावर 'आरएमएस', म्हणजे सतत मिळणारी खरी ताकद, शोधा. ओट्यापुरते 20 ते 30 वॅट आरएमएस पुष्कळ झाले.

माइक लावायला जागा नसेल तर पैसे काढूच नका. मी हेच विसरलो होतो. हौसेनं आणला, मोबाइलवरची गाणी झकास वाजली. हरिपाठाला माइक खुपसायला भोकच नाही! आता तो गोठ्यात वाजतो, म्हशी खूश आहेत. माइकही वायरचाच घ्या. ब्लूटूथवरून आवाज किंचित मागे पडतो, अन् टाळ पुढे निघून जातात. पेनड्राइव्हची सोय असली तर रेंज गेली तरी अडत नाही.

खोक्यावर 'आयपीएक्स7' हा पाण्यापासून बचावाचा शिक्का पाहून भुलू नका. असा स्पीकर एक मीटर पाण्यात अर्धा तास टिकतो, पण 'एक्स' म्हणजे धुळीची हमी नाही. आपल्याकडे धूळच फार, म्हणून 'आयपी67' बरा. त्यातला 6 धुळीचा.

बॅटरीचे '12 तास' मध्यम आवाजाचे असतात. पूर्ण आवाजावर निम्मेही मिळाले तर नशीब. अन् मे महिन्यात टिनाखाली चार्जिंगला लावू नका, उन्हानं बॅटरी लवकर मरते.