तुमचे प्रश्न, डॉक्टरांची उत्तरं: अंड्यावरच्या कोंबडीची हाडं

प्रश्न: डॉक्टर नमस्कार, आमची एक गावरान कोंबडी रोज अंडं देत होती, कुत्र्याने धरली म्हणून कापावी लागली. रस्सा केला आणि टांगडीचं हाड फोडलं तर आत नेहमीसारखा तांबूस मगज नाहीच, सगळी पांढरट खरखरीत जाळी. सासूबाई म्हणाल्या ही आजारी होती, खाऊ नका. काय असेल?
– एक वाचक, वाई

उत्तर: ताई, तुम्ही सांगताय त्यावरून तरी हा आजार नाही, कोंबडी अंड्यावर असल्याची ती खूण आहे. याला मेड्युलरी बोन म्हणतात, आपण मगजातलं हाड म्हणू. तलंग पहिलं अंडं घालायच्या साधारण २ आठवडे आधी तिच्या अंगात इस्ट्रोजेन वाढतं, जोडीला थोडं नराचं हार्मोन पण असतं, आणि मग हाड बांधणाऱ्या पेशी म्हणजे ऑस्टिओब्लास्ट, त्या बाहेरचं मजबूत हाड बांधायचं सोडून मांडीच्या आणि नडगीच्या हाडाच्या पोकळीत ही जाळी विणायला लागतात. तिच्यात वजन पेलायची ताकद फारशी नसते, ती कॅल्शियमची कोठी आहे, पटकन भरायची आणि पटकन काढायची. कोंबड्याच्या हाडात ही सापडायची नाही.

आणि एक सांगतो, मला हे फार आवडतं, २००५ मध्ये मेरी श्वाइट्झर या जीवाश्म-अभ्यासक बाईंनी अमेरिकेतल्या माँटानामधल्या एका टी-रेक्सच्या मांडीच्या हाडात असाच थर असल्याचं दाखवलं, म्हणजे साधारण ६ कोटी ८० लाख वर्षांपूर्वीचा तो डायनासोर मादी होता आणि अंड्यावर होता असा त्याचा अर्थ निघतो. तुमच्या पातेल्यात जे दिसलं ते इतकं जुनं आहे.

प्रश्न: सर, पिंजऱ्यात ५०० लेयर (अंड्याच्या कोंबड्या) आहेत, वय ३० आठवडे. गेले १०-१२ दिवस रोज २-३ कोंबड्या पाय टाकून बसतात, उठवलं तरी उभ्या राहत नाहीत, पण डोळे तरतरीत, दाणा पुढे धरला की खातात. सकाळी जास्त सापडतात. खाद्य घरीच बनवतो, एलएसपी म्हणजे चुनखडीची बारीक पावडरच वापरतो. दुकानदार म्हणतो पाण्यातून लिक्विड कॅल्शियम द्या. देऊ का?
– एक वाचक, पारनेर

उत्तर: दादा, लिक्विड तात्पुरतं द्या हरकत नाही पण मूळ दुखणं त्याने जाणार नाही. आधी एक खात्री करा, एक पाय पुढे आणि एक मागे असा ताणून पडत असतील तर मरेक्स या विषाणूच्या आजाराचा संशय घ्यायला हवा, म्हणून मेलेल्यांपैकी २-३ जवळच्या पशुवैद्यकांकडे नेऊन पोस्टमॉर्टेम करून घ्याच. पण तुम्ही लिहिलंय त्यावरून मला हा केज लेयर फटीग, म्हणजे पिंजऱ्यातल्या अंड्यावरच्या कोंबडीची हाडं कमकुवत होऊन पाय जाणं, वाटतो, आणि "सकाळी जास्त" हे तुम्ही लिहिलंत ते फार महत्त्वाचं आहे.

काय होतं बघा, एका टरफलात २ ग्रॅमच्या थोडं वरच कॅल्शियम असतं आणि कोंबडीच्या अख्ख्या सांगाड्यात असतं जेमतेम २० ग्रॅम, म्हणजे रोज दहावा हिस्सा अंगाबाहेर. वर्षाला ३०० अंडी धरली तर स्वतःच्या सांगाड्याच्या तीसपट कॅल्शियम ती आपल्याला देते! टरफल बनायला १८ ते २० तास लागतात आणि त्यातला मोठा भाग रात्री येतो, तेव्हा गव्हाणीत दाणा असो नसो, कोंबडी खात नाही. मग रात्री आतड्यातलं कॅल्शियम संपलं की रक्तातलं उतरतं, पॅराथायरॉइड ग्रंथीचं हार्मोन सुटतं, आणि हाड विरघळवणाऱ्या पेशी म्हणजे ऑस्टिओक्लास्ट कामाला लागतात. या पेशी हाडाला चिकटून बसतात, खाली अ‍ॅसिड सोडतात, त्याने खनिज विरघळतं, मग उरलेलं प्रथिनांचं जाळं एन्झाइमने तोडतात. माणसाच्या हाडातल्या या पेशी कशा चालतात हे समजून घ्यायलाही प्रयोगशाळांनी अंड्यावरच्या कोंबड्यांच्याच पेशी वापरल्यात.

आता खरी गोची इथे आहे. ऑस्टिओक्लास्टला जाळी काय आणि बाहेरचं वजन पेलणारं हाड काय, दोन्ही सारखंच, ती दोन्हीकडून खाते. जाळी दिवसा परत भरली जाते, पण इस्ट्रोजेन चालू आहे तोवर ऑस्टिओब्लास्ट बाहेरचं हाड बांधतच नाहीत, तिकडे फक्त खर्च, जमा शून्य. आपल्याकडे बायकांना पाळी गेल्यावर इस्ट्रोजेन कमी झालं की हाडं ठिसूळ होतात, कोंबडीत नेमकं इस्ट्रोजेन आहे म्हणून होतात. त्यामुळे शेवटी मणके, बरगड्या, पाय पातळ पडतात आणि पिंजऱ्यात हालचाल नाही म्हणून हाडाला ताण मिळत नाही, तेही त्यात भर घालतं.

म्हणून उपाय रात्रीचा करायचा. एलएसपी पावडर लवकर विरघळून संध्याकाळपर्यंत निघून जाते. एकूण चुन्यातला अर्ध्याहून जास्त, दोन तृतीयांश केला तरी चालेल, २ ते ४ मिमीच्या शेल ग्रिटने (शिंपल्याचे खडे) किंवा स्टोन ग्रिटने (चुनखडीचे खडे) द्या. हे खडे पेट्यात (कलेजी-पेट्यातला तो पेटा) अडकून राहतात आणि रात्रभर हळूहळू विरघळतात. दुपारनंतरच्या खाद्यात जास्त टाका. हिशेब असा की कोंबडी दिवसाला ११० ग्रॅम खाते, खाद्यात ४ टक्के कॅल्शियम म्हणजे ४.४ ग्रॅम, त्यातलं निम्मं अंगी लागतं, म्हणजे टरफलापुरतं कसंबसं पुरतं. त्यात कोणी मिक्सिंगमध्ये हात आखडला की संपलं. डीसीपी (डायकॅल्शियम फॉस्फेट, खाद्यातला फॉस्फरस) वाचवू नका, कारण हाड विरघळलं की फॉस्फरस विष्ठेतून जातो आणि जाळी परत बांधायला तो लागतोच. व्हिटॅमिन डी-३ चं पाकीट जुनं, उन्हात पडलेलं असेल तर बदला, डी-३ शिवाय आतडं कॅल्शियम उचलत नाही.

बसलेल्या कोंबड्या आजच पिंजऱ्यातून काढून गादीवर (जमिनीवरच्या भुशाच्या थरावर) ठेवा, दाणा-पाणी चोचीपाशी. पिंजऱ्यात त्या बऱ्याचदा आजाराने नाही तर तहानेने मरतात, पाण्याच्या निप्पलपर्यंत पोचताच येत नाही म्हणून, आणि हे वाचवता येणारं मरण आहे म्हणून मला त्याचं जास्त वाईट वाटतं. बऱ्याच जणी आठवड्याच्या आत उभ्या राहतात. उचलताना एका पायाने किंवा पंखाने लटकवू नका, दोन्ही हातांनी छातीखालून धरा, हाड कट्कन मोडतं.

पुढच्या बॅचला ग्रोअर (वाढत्या तलंगांच्या) खाद्यावरून थेट अंड्यावर जाऊ देऊ नका. १६ व्या आठवड्यापासून २ ते २.५ टक्के कॅल्शियमचं प्री-लेयर (अंड्यावर यायच्या आधीचं) खाद्य द्या, कोठी तेव्हाच भरते. मात्र लहान पिल्लांना लेयरचं खाद्य घालू नका, त्यांची किडनी खराब होते.

प्रश्न: घरी ६ कोंबड्या आहेत, एक खुडूक झालीय. शेजारी म्हणतात पाण्यात बुडवा म्हणजे खुडूक मोडेल. करू का?
– एक वाचक, सावंतवाडी

उत्तर: बुडवू नका. विकायला अंडी लागत नसतील तर तिला बसू द्या. खुडूक झाली की इस्ट्रोजेन उतरतं, मगजातली जाळी हळूहळू जाते आणि त्याच ऑस्टिओब्लास्ट परत बाहेरचं हाड बांधायला लागतात, म्हणजे वर्षभरात तिला जी काही दुरुस्ती मिळते ती याच दिवसांत. गावरान कोंबडी १२-१५ अंडी घालून बसते म्हणूनच तिचे पाय सहसा असे जात नाहीत. बसायची जागा कोरडी ठेवा, पिसवा-उवा बघा, आणि ती दिवसातून एकदाच उठते तेव्हा दाणा-पाणी जवळ असू द्या.