पर्वरीचं कॉल सेंटर घेऊ की पुण्याचं अकाउंट्स?

प्रश्न: ताई, मी साखळीची, यंदा बीकॉम झाले. दोन ऑफर आहेत. एक पर्वरीत, अमेरिकन क्लायंटचं कॉल सेंटर, सगळी नाइट शिफ्ट. दुसरी पुण्यात इनव्हॉइस प्रोसेसिंगची, पगार कमी. सगळे म्हणतात कॉलची कामं फिलिपिन्सला चाललीत, बसशील घरी. खरं का? आणि आजी म्हणते पोर्तुगीज शीक, पोर्तुगालची कामं मिळतील.
– एक वाचक, साखळी

उत्तर: अगं, चाललीत कसली, कधीच गेली! व्हॉइसमध्ये, म्हणजे फोनवर बोलायच्या कामात, फिलिपिन्सने आपल्याला 2010 च्या आसपासच मागे टाकलं. 1898 पासून 1946 पर्यंत तिथे अमेरिकेचा अंमल (मधे जपानी आले ते सोड), त्यामुळे शाळा इंग्रजीत, बोलणं अमेरिकन वळणाचं, आणि गिऱ्हाइकाला तेच हवं असतं. जागरण मात्र त्यांनाही चुकलं नाही, म्हणून मग काही कामं मेक्सिको, कोस्टारिकाला जातात, तिथे अमेरिकेचा दिवस तोच त्यांचा दिवस. युरोपातली पोलंडमध्ये क्राकोला, कारण जर्मन-फ्रेंच बोलणारी पोरं तिथे मिळतात. नुसता पगार स्वस्त म्हणून काम कुठेही जात नाही गं.

अकाउंट्स हा आपला जुना प्रांत. नव्वदच्या दशकात स्विसएअर, ब्रिटिश एअरवेजनी हिशेबाचं काम मुंबईला आणलं, 1997 ला जीई या अमेरिकन कंपनीने गुडगावला दुकान थाटलं, तेच पुढे जेनपॅक्ट नावाची वेगळी कंपनी झालं. म्हणून मी पुण्याकडे झुकते, पण डोळे मिटून नाही हां.

कारण इनव्हॉइसचं काम म्हणजे तीन कागद जुळवायचे, ऑर्डर, माल आल्याची नोंद आणि बिल. जुळले की आता सिस्टमच पास करतं, तिथे माणूस लागत नाही, म्हणजे तो भाग दुसऱ्या देशात जायचीसुद्धा गरज नाही, सॉफ्टवेअरच खाणार. पण समज 100 नग मागवले, आले 96 आणि बिल आलं 100 चं, तर पेमेंट होल्ड करा, व्हेंडरला मेल टाका, क्रेडिट नोट (बिल कमी केल्याचा कागद) मागवा, तोवर त्याचा माणूस फोनवर फोन, आमचे पैसे कुठायत! हे निस्तरता आलं की पुढे महिनाअखेरचं क्लोजिंग म्हणजे हिशेब बंद करणं, रिकन्सिलिएशन म्हणजे दोन हिशेब ताडून बघणं, हे हाताशी येतं. इंटरव्ह्यूत सरळ विचार, एक्सेप्शन, म्हणजे न जुळलेली बिलं, आमची टीम बघते की क्लायंटकडे परत पाठवते? परत पाठवत असतील तर ती नुसती डेटा एन्ट्री.

आजीचं म्हणणं हसण्यावारी नेऊ नकोस. पोर्तुगालच्या बिलावर आयव्हीए म्हणजे त्यांचा व्हॅट असतो, मेनलँडला साधारण 23 टक्के, आणि व्हेंडरचा नऊ आकडी टॅक्स नंबर. हे वाचून मूळ भाषेत मेल लिहिणारा अकाउंटंट आपल्याकडे सहज मिळत नाही. वेळही बरी, हिवाळ्यात लिस्बनचे सकाळचे नऊ म्हणजे आपले दुपारचे अडीच. नुसती भाषा येऊन मात्र भागणार नाही, ती बोलणारे लिस्बनमध्ये ढीगभर आहेत, त्यांची स्वतःची सेंटर्स आहेत. आणि पोर्तुगीज ब्राझीललाही चालते, पण तिथले टॅक्स म्हणजे वेगळंच जंगल, त्यात एवढ्यात शिरू नकोस. गोवा विद्यापीठात पोर्तुगीज शिकवतात, चौकशी कर.

एवढं करून पर्वरीच घ्यायचं ठरलं, तर गणेश चवथीला सुटी मिळते का ते आधी विचार, कारण क्लायंटचं कॅलेंडर अमेरिकेचं. बाँड, म्हणजे नोकरी सोडता येणार नाही अशी लेखी मुदत, किती महिन्यांचा ते वाच. आणि कॅब घरापर्यंत येते की पहाटे म्हापशाच्या स्टँडवर उतरवतात, तेवढं लेखी घे.