विहीर खोदणारे ड्वार्फ

तुमचा प्रश्न असा: 'प्रत्येक ऑनलाइन आरपीजीमध्ये (एखादं पात्र होऊन खेळायच्या गेममध्ये) तेच टोकदार कानांचे एल्फ, तेच बुटके दाढीवाले ड्वार्फ, तेच दांडगे ऑर्क. मी मित्रांना खेळवायला स्वतःचं जग रचतोय. या गुळगुळीत झालेल्या रेस, म्हणजे जमाती, काढून सगळ्या नव्या घेऊ का?'

मी बरीच वर्षं गिल्ड वॉर्स २ हा ऑनलाइन गेम खेळतोय आणि शनिवारी रात्री डिस्कॉर्डवर आमच्या गटाचा डीएम, म्हणजे गोष्ट सांगत खेळ चालवणारा, असतो. माझं म्हणणं, काढू नका.

या रेस आल्या कुठून ते आधी बघा. १९७४ च्या डन्जन्स अँड ड्रॅगन्स या टेबलाभोवती बसून खेळायच्या गेममध्ये हॉबिट (बुटके लोक) हा 'लॉर्ड ऑफ द रिंग्ज'वाल्या टॉल्किनचा शब्दसुद्धा जसाच्या तसा होता. हक्कदारांनी कायदेशीर हरकत घेतल्यावर हॉबिटचा हाफलिंग झाला, एंटचा (चालत्याबोलत्या झाडाचा) ट्रीएंट झाला, पण पाटी बदलली तरी आतला प्राणी तोच राहिला. पुढे एव्हरक्वेस्ट (१९९९) आणि वर्ल्ड ऑफ वॉरक्राफ्ट (२००४) हे ऑनलाइन गेम याच वाटेनं गेले. यात खर्चाचाही भाग आहे. नवं शरीर आणलं की गेममधलं प्रत्येक चिलखत त्याच्या मापाचं करावं लागतं. गिल्ड वॉर्स २ मध्ये २०१२ साली पाच रेस होत्या. त्यानंतर इतके विस्तार आले, पण सहावी रेस आली नाही.

तुमचं सगळं काम शब्दांत आहे, त्यामुळे ही अडचण तुम्हाला नाही. म्हणूनच मोह होतो. मलाही झाला होता. मी काचेच्या कातडीचे लोक तयार केले, त्यांची लिपी, राजघराणी, चौदा पानं इतिहास. सहा खेळाडूंपैकी एकानंही ती रेस घेतली नाही. ते लोक सकाळी उठून काय करतात, हे त्या चौदा पानांत कुठेच नव्हतं.

आपल्याकडे काही जण एल्फला यक्ष आणि ऑर्कला राक्षस म्हणून मोकळे होतात. त्याचाही उपयोग नाही. हाफलिंगचं जे झालं तेच इथेही होतं.

खरं नवेपण कुठे असतं ते मला सिल्व्हारींमुळे कळलं. गिल्ड वॉर्स २ मधले हे वनस्पतीसारखे लोक, लांबून पाहिलं तर एल्फच. पण ते एका झाडातून पूर्ण वाढलेले जन्माला येतात, आणि गोष्ट सुरू होते तेव्हा त्यांच्यातला सगळ्यात थोरलाही पंचविशीच्या आतला असतो. म्हणजे आजी-आजोबा नाहीत, बालपण नाही, पूर्वजांनी ठेवलेलं वैर नाही. एल्डर स्क्रोल्स या गेममालिकेतल्या मांजरासारख्या खाजीतांचं तसंच. जन्मवेळी दोन चंद्रांच्या कला काय होत्या त्यावर त्यांचं शरीर ठरतं. कुणी घरातल्या मांजराएवढा राहतो, कुणी पाठीवर माणूस बसेल एवढा होतो. अशा दोन भावांचं घर कसं असेल, दारं केवढी असतील, याचा मी कितीतरी वेळ विचार केलाय. एकच गोष्ट बदलली, पण ती थेट घराच्या उंबऱ्यापर्यंत नेली.

मग मी काचेचे लोक बाजूला ठेवले आणि साधे ड्वार्फ घेतले. त्यांच्या खाणी पाण्यानं भरल्या, म्हणून ते डोंगर उतरून कोरड्या माळावर आले. खडक फोडण्याशिवाय दुसरं काही येत नाही, तर आता गावोगाव विहिरी खोदतात. सोबत एक म्हातारा पाणाडी असतो. तो जमिनीला कान लावून जागा सांगतो आणि त्याचा शब्द कुणी मोडत नाही. दाढी तीच, हातोडा तोच. ज्या पाण्यानं घर बुडवलं तेच शोधायची पोटासाठी वेळ आली, एवढंच मी नवीन घातलं.

पहिल्याच शनिवारी एकीनं विचारलं, "विहिरीला पाणी लागलं नाही तर मजुरी मिळते का?"

माझ्याकडे उत्तर नव्हतं. तासभर सगळ्यांनी मिळून ठरवलं: मजुरी नाही, पण काम चालू असेपर्यंत गावानं दोन वेळचं जेवण द्यायचं, आणि कोरडी विहीर पाणाडीच्या नावानं ओळखली जायची. पुढचे दोन महिने आम्ही ड्रॅगनचं नावही काढलं नाही. चाळीस हात खोल गेलेल्या एका विहिरीत अजून ओल लागली नव्हती, आणि तिला आपलं नाव पडायच्या आत म्हाताऱ्याला आणखी एक सुरुंग लावायचा होता.